पाच मिलिमीटर

नाही हो दादा, गोल नकोत, चौकोनीच हवेत — गोल ठेवले की मधे फटी राहतात, आणि आमच्या ह्यांच्या सैन्यात माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. हा बघा, रुमालात गुंडाळून एक बोटभर शिपाई आणलाय, सावकाश धरा, भाला वाकतो. ह्याच्या पायाखालचा बेस वीस मिलिमीटरचा. मग वीसचेच न्या म्हणाल तुम्ही. तेच तर होत नाहीये मला. मघापासून वीसचं पाकीट उचलते, ठेवते, पंचवीसचं उचलते, ठेवते — दुसरं गिऱ्हाईक नाही ना खोळंबलेलं? मग ऐका, म्हणजे तुम्हीच काय ते सांगाल.

आमचे हे तीस वर्षं हे टेबलावरचं युद्ध खेळतायत. दर रविवारी दोन ते सहा, भूमितीच्या मास्तरांच्या घरी. मास्तर, एक कंपाउंडर होते ते, घड्याळं दुरुस्त करतात ते, आणि हे. चौघांचे बेस वीसचे, पहिल्या दिवसापासून ठरलेलं. का? तर ज्याचे बेस रुंद त्याची तेवढ्याच जागेत कमी माणसं भिडतात — बघा, ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. म्हणून सगळ्यांचे सारखे. तर गेल्या वर्षापासून ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषध चालू आहे, वाढणार असं डॉक्टर तोंडावर म्हणाले. एक शिपाई उचलायला जातात आणि शेजारचे चार आडवे. ते उभे करायला गेले की आणखी सहा. वीसच्या बेसवर माणूस अगदी काठावर उभा असतो हो, जरा धक्का लागला की गेला.

लोहचुंबक? तेही झालं. अख्खी रांग एकदम सरकवायला ट्रे असतो ना, त्यात पत्रा घातला, बेसखाली चुंबक लावले. उभे राहतात छान. पण डावात मेलेला शिपाई बाहेर काढायचा तर ओढावा लागतो, आणि ह्यांच्या हातानं ओढलं की अख्खा ट्रेच हातात येतो.

मग मी एक शहाणपणा केला. मास्तरांना फोन केला — ह्यांच्या मागे. म्हटलं, ह्यांची माणसं तुम्हीच हलवत जा, आणि जमलं तर एखादा डाव ह्यांना जाऊ द्या. भला माणूस, हो म्हणाला. लागोपाठ तीन रविवार हे जिंकून आले. तिसऱ्या रविवारी आले ते चपला न काढता खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "हरायला माझी ना नाही गं. पण माझी माणसं मला उभी करू दे." बास. एवढंच. आवाज चढवला नाही, मास्तरांचं नाव काढलं नाही. सैन्याचा खोका कपाटावर गेला. त्याला दोन महिने झाले.

म्हणून म्हटलं, बेस मोठे करू. पंचवीसवर माणूस घट्ट उभा राहील, कुणाची मदत नको. मास्तरांना विचारलं, चालेल का? ते म्हणाले, ह्यांचेच मोठे केले तर ह्यांचंच नुकसान, करायचे तर चौघांचे करावे लागतील. म्हटलं, कराल? तर बघू म्हणाले आणि दुसराच विषय काढला. त्यांचंही खरं आहे, एकेकाची तीनतीनशे माणसं. पण मी धीर धरला नाही. हे दुपारी झोपले की पातं घेऊन बसायची. चोवीस काढले. नऊ जणांचे पाय जुन्या बेसवरच राहिले, घोट्यापासून तुटून. झेंडेवाला त्यातलाच — आमची मुलगी झाली त्या आठवड्यात रंगवलेला. उरलेले पंधरा पंचवीसवर चिकटवले, आणि ट्रेमधे ठेवायला गेले तर — ट्रे ह्यांनी स्वतः कापलेला, सहा माणसांचा, बारा सेंटिमीटर नेमका. चार बसले. पाचवा पाच मिलिमीटरनं अडला. मी तो दाबत बसले हो, वेड्यासारखी, जणू दाबला की बसणारच आहे.

ह्यांना माहीत नाही अजून. खोका वर आहे तोवर कळणार नाही. पण मग खोका खाली यावा म्हणून तर मी हे सगळं करतेय ना? वीसचे नेऊन पुन्हा पहिल्यासारखं केलं तर हात पाडणार, पंचवीसचे नेले तर कुणी खेळणार नाही. मधलं काही असतं का, बावीस वगैरे? नसतं. नसणारच.

ह्यांनाच विचारा म्हणता. काय विचारू? दिवसभर समोर असतात. सकाळी बटणं लावून देते, चहा अर्धा कप ओतते म्हणजे सांडत नाही, जेवताना बघत नाही असं दाखवते. रात्री कूस बदलून देते. रविवारी दोनला हे गेले की मी दार लावायची आणि झोपायची, दादा. नुसती झोपायची. चार तास. कुणाच्या हाताकडे बघायचं नाही. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. दोन महिन्यांत एकदासुद्धा — मला ह्यांची लढाई नको आहे हो, मला ह्यांना घराबाहेर —

काय बोलून गेले मी.

नाही, पाणी नको. खुर्चीही नको. तो रुमाल द्या इकडे. बेस राहू द्यात, दोन्ही राहू द्यात, आत ठेवून द्या ती पाकिटं. आणि हे इकडे आले कधी, तर मी येऊन गेले म्हणू नका.