मधल्या वर्तुळातली खुर्ची

…आणि मी उजव्या मनगटावर पडलो. हे आधी लिहून घ्या. नावगाव मागून सांगतो.

(वरील मजकूर जबाब देणाऱ्याने खाली बसण्यापूर्वीच सांगितला. तो तसाच ठेवला आहे. पुढील मजकूर विचारल्यावरून.)

नाव रुग्णालयाकडून आलेल्या खबरीत आहे तेच. वय वीस वर्षे. धंदा बास्केटबॉल खेळणे. हवालदारांनी आधी "शिक्षण" लिहिले होते, ते मी खोडायला लावले. क्लबशी माझा पगारी करार आहे. राहणार थोरल्या बहिणीकडे, क्रीडागृहाच्या मागच्या रस्त्यावर, लॉन्ड्रीच्या वर. बहीण त्याच लॉन्ड्रीत इस्त्रीचे काम करते. ती सोबत आली आहे, बाहेर बाकावर बसली आहे. मी स्वतः हजर राहून, कोणाच्या शिकवण्यावरून नाही, सांगतो की:

आमच्या प्रशिक्षकांची एक पद्धत आहे. चेंडू गमावल्यावर ज्याने मागे पळत येऊन बचावाला उभे राहायचे तो आला नाही, तर ते शिट्टी मारून सराव थांबवतात. कॅन्टीनमधली लोखंडी घडीची खुर्ची मैदानाच्या मधल्या वर्तुळात ठेवतात. चुकलेल्याने तिच्यावर बसायचे आणि पाण्याची बाटली हातात धरायची. बाकीच्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहायचे, दुसरी शिट्टी होईपर्यंत. बसलेल्याने मान खाली घालायची नाही.

या मोसमात त्या खुर्चीवर बहुतेक वेळा मी होतो. संघातल्या सर्वांत उंच मुलाला आम्ही उंट म्हणतो. त्याने माझे नाव जावई ठेवले. पळता पळता ओरडायचा, "जावईबापू, पाणी गार आहे ना? की पंखा लावू?" नाव चिकटले. प्रशिक्षकही आता त्याच नावाने हाक मारतात.

मी मागे पळत नव्हतो हे खरे आहे. सुरुवातीला पळत होतो. तेव्हा सर म्हणायचे, "आता कशाला आलास? पाहुणे जेवून गेले." मग मी पळणे सोडले. त्यावर म्हणाले, "याच्या हातात सोनं आहे आणि पायात शेण." सामन्यात निम्मे गुण माझे असतात. हेही लिहावे.

आमचे कप्तान संघात वयाने सर्वांत मोठे. त्यांचा करार या मोसमाअखेर संपतो. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून खेळतात. पट्ट्यांच्या कड्या ढिल्या झाल्या आहेत, त्यामुळे पळताना पावलागणिक करकर वाजते. खुर्चीवर डोळे मिटून बसले तरी कप्तान कुठवर आले ते कळते. मोसमाच्या सुरुवातीला ते पळणाऱ्यांत सर्वांच्या पुढे असत. नंतर मागे असत.

एकदा कपडे बदलताना ते मला म्हणाले, "एकदा तरी मागे ये रे बाबा. सरांसाठी नको. माझ्या गुडघ्यांसाठी ये."

मी म्हणालो, "दादा, झेपत नसेल तर तुम्ही बसत जा खुर्चीवर. मी उठतो."

सगळे हसले. कप्तान पट्टे सोडत होते. ते सोडत राहिले.

घटनेच्या दिवशी सकाळी मी सर्वांच्या आधी गेलो. कॅन्टीनमधून खुर्ची स्वतः आणली, मधल्या वर्तुळात उघडली आणि बसलो. बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत होते. सर आले. मी म्हणालो, "सर, वेळ वाचवू या. मी बसलोय. तुम्ही शिट्टी मारा."

सर मला हाकलून देतील असे मला वाटले होते. तेवढ्याच हिशोबाने मी ते केले. सरांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शिट्टी मारली.

सगळे पळू लागले. अजून कोणाची काही चूक झालेली नव्हती. चेंडूही पिशवीतून बाहेर काढलेला नव्हता. सर खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. दुसरी शिट्टी होईना. उंटाने पंख्याचे काही विचारले नाही. थोड्या वेळाने तो भिंतीपाशी जाऊन ओकला आणि परत येऊन पळू लागला. मी उठलो.

"सर, पुरे. थांबवा त्यांना."

"बस."

"मीही पळतो."

"जावयानं पळायचं नसतं. बस खाली."

मी उभाच राहिलो. सर जवळ आले. त्यांच्या शर्टाची गुंडी माझ्या छातीला लागत होती. म्हणाले, "बसतोस, की यांना दुपारपर्यंत पळवू?"

म्हणून मी बसू लागलो. मागे करकर वाजत होती, ती थांबली. खुर्ची होती तिथे नव्हती. मी मागे हात टेकला. मनगटाचा आवाज मी ऐकला. तो सर्वांनी ऐकला असावा, कारण पळणे तेव्हा थांबले. शिट्टी झाली नव्हती.

रुग्णालयात सरांनी डॉक्टरांना सांगितले, मुलगा ओल्या फरशीवर घसरला. फरशी ओली नव्हती. फरशीच नाही, मैदान लाकडी आहे. बहीण कामावरून तशीच आली होती. खुर्चीचे मी तिला सांगितले होते. ती त्यांना म्हणाली, "घसरला म्हणता? मग खुर्ची काय चालत लांब गेली? मला इस्त्रीवाली समजून काहीही गुंडाळू नका."

रुग्णालयाने पोलिसांना कळवल्यावर सरांनी बहिणीला औषध आणायला पाठवले आणि माझ्या खाटेवर बसले. म्हणाले, "हे बघ जावई, घसरलास हे चालत नसेल तर सरळ नाव घे. त्याचे गुडघे गेलेच आहेत. तो तसाही घरी जाणार. तू नाव घे, हात बरा होईपर्यंत तुझी जागा मी ठेवतो."

मी विचारले, "कोणाचं नाव?"

ते म्हणाले, "तुला माहीत आहे."

डॉक्टरांनी मनगटात धातूची पट्टी बसवली आहे. ते म्हणाले, मनगट वळेल, पण तेवढे नाही. कशाएवढे ते मी विचारले नाही. मी उजव्या हाताने चेंडू टाकतो.

खुर्ची कोणी ओढली असे मला विचारण्यात आले. माझी पाठ त्या बाजूला होती. मी पाहिले नाही. पळणारे सगळेच मागून जात-येत होते. बूट सगळ्यांचे सारखेच वाजतात. पुन्हा विचारण्यात आले. पुन्हा तेच सांगतो. कप्तानांचे माझ्याशी वैर आहे का असे विचारण्यात आले. नाही. माझे त्यांच्याशी होते का, हे कोणी विचारले नाही.

माझी तक्रार प्रशिक्षकांविरुद्ध आहे. मी उभा होतो. त्यांनी बस म्हटले.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तेच यात उतरले आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताने सही करतो. ती माझ्या सहीसारखी दिसत नाही. माझीच आहे.

(नोंद: दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्यासाठी क्रीडागृहात गेलो. खुर्ची मधल्या वर्तुळात होती. तिच्यावर संघाचे कप्तान बसले होते. प्रशिक्षकांनी आमच्यासमोर दोनदा शिट्टी मारली. खेळाडू भिंतीलगत उभे होते, कोणी पळाले नाही. खुर्ची जप्त करायची आहे असे सांगितल्यावर कप्तान उठले. खुर्चीची घडी घालून ती त्यांनी स्वतः आमच्या गाडीपर्यंत आणली, मागे ठेवली आणि कोणी न बोलावता शेजारी बसले.)