स्पेलिंग कसेही असो

दि. १३/०२/२०२५

मी, विश्वेश श्रीकांत गायधनी, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, रा. इंदिरानगर, नाशिक, समक्ष हजर राहून जबाब देतो की, आमची कंपनी दवाखान्यांना पेशंटच्या नोंदींचे सॉफ्टवेअर पुरवते. डेटाबेसमधील नोंदी शोधण्यासाठी क्वेरी तयार करणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, मी लिहिलेली आहे. मागील आठवड्यात तिच्यात मी रेग्युलर एक्सप्रेशनची सोय केली. त्यामुळे नावाचे स्पेलिंग कोणी कसेही टाइप केले असले, तरी एका साच्यात बसणारी सर्व नावे एकदम सापडतात.

काल सकाळी ११ वा. सपोर्ट विभागातील दीपक पुंजाराम देवरे, मूळ रा. कळवण, माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "दवाखानेवाले वैतागलेत सर. एकच नाव चार तऱ्हेनं लिहितात. हर्षाली घ्या ना, उदाहरणाला."

मी साचा लिहून दिला. त्याच्या पत्नीचे नाव हर्षाली असून, ती आठ महिन्यांपूर्वी त्याच्या मारहाणीमुळे घर सोडून गेली, हे मला माहीत होते. त्यांच्या लग्नाला मी हजर होतो. मी त्यास काही विचारले नाही.

दुपारी १ वा. दीपक जागेवर नव्हता. त्याच्या स्क्रीनवर त्या साच्याने दवाखान्यांच्या नोंदींतून सापडलेली सतरा नावे होती. एका नावापुढे हर्षालीचे माहेरचे आडनाव व देवळाली कॅम्पचा पत्ता होता. नोंदीतला मोबाईल बंद लागला. मी मोटारसायकलने निघालो. पोलिसांना फोन का केला नाही, याचे कारण मला सांगता येत नाही.

१.४० वा. पोहोचलो. हर्षाली जिन्याखाली पडलेली होती. तिने डोके दोन्ही हातांनी झाकले होते व दीपक कोयत्याने त्या हातांवर वार करीत होता. "सापडणार नाय वाटलं का? आं?" असे ओरडत होता. मी मागून कवळ घातली. त्याने कोयता फिरवल्याने माझ्या दंडास जखम झाली. मी त्याचे डोके कठड्यावर आपटले. त्याच्या हातून कोयता पडल्यानंतरही आपटत राहिलो. किती वेळा, ते सांगता येणार नाही. शेजारच्या यशोदाबाईंनी मला ओढून बाजूला केले, तेव्हा दीपक निपचित पडलेला होता.

हर्षालीला मी रिक्षाने दवाखान्यात नेले. तिच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली आहेत. रिक्षात ती शुद्धीवर होती. म्हणाली, "भाऊजी, बरं झालं आलात. पण त्याला माझा पत्ता दिला कुणी?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

हे मी खोटे बोललो. तिला अद्याप खरे सांगितलेले नाही.

लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले. ते मी सांगितले तसेच आहे. त्यातून काही वगळावे असे माझे म्हणणे नाही.

सही/-
विश्वेश श्रीकांत गायधनी