प्लास्टिकमधला रोगी

विठ्ठल विठ्ठल... टाळी सोडू नका, मंडळी. मागच्यांचे हात खाली गेलेत. मला इथून सगळं दिसतं, देवाला तर दिसत असेलच.

ऐका. आज मूळपदाचा अभंग नाही. पेटीवाले गजाभाऊ, तुम्ही जरा पाणी प्या. आज नुसता प्रश्न आहे. प्रश्न असा, की माणसाला विद्या आली, हे ओळखायचं कशावरून?

बोला की! — काय? मोठ्यानं बोला. — "प्रमाणपत्रावरून." वा! प्रामाणिक माणूस आहे. बसा. तुमच्यासाठीच आख्यान आहे आजचं.

तर एक कॉलेज होतं. आपल्या तालुक्यातलं नाही हो! प्राचार्य पुढे बसलेत म्हणून आधीच सांगतो — नदीच्या पलीकडचं. त्या कॉलेजात इतिहासाचे एक प्राध्यापक होते, निघोजकर सर. माणूस सज्जन. वर्गात पानिपत शिकवायला लागले की पुढच्या बाकावरची मुलं डोळे पुसायची. पण पुढे पुढे काय झालं, की पुढचा बाकच रिकामा राहायला लागला. मग मागचाही. इतिहास कुणाला हवाय? आपण केलेला आपल्यालाच नको असतो.

आणि नेमकं त्याच वेळी वरून धोरण आलं. धोरण नेहमी वरूनच येतं, मंडळी, पावसासारखं. आणि ज्याचं छप्पर गळतं त्याच्याच घरात शिरतं. धोरण काय म्हणत होतं? की नुसत्या पदव्या देऊ नका, पोरांच्या हाताला काम येईल असं शिकवा. कौशल्य शिकवा. आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. सोन्यासारखं धोरण! मी वाचलंय. माझ्या हातून कधी चांगली गोष्ट सुटत नाही.

प्राचार्यांनी सभा बोलावली. म्हणाले, "रुग्णसेवा साहाय्यक हा कोर्स आपण घेतोय. हल्ली घरोघरी म्हातारी माणसं अंथरुणाला आहेत, बघायला माणूस मिळत नाही. मुलींना हमखास नोकरी. आता शिकवायला कोण रिकामं आहे?"

सगळ्यांनी निघोजकर सरांकडे बघितलं.

"सर, तुमचा वर्कलोड भरत नाही. उद्या तुम्हाला जादा ठरवून दुसरीकडे पाठवतील. हा कोर्स घ्या. रुग्णसेवेचा काही अनुभव?"

सर म्हणाले, "मी एकदा रुग्ण होतो. टायफॉईड झाला होता."

प्राचार्य म्हणाले, "पुरे आहे."

हसू नका. पुरे असतं. माझ्या नेमणुकीच्या वेळीही एवढंच विचारलं होतं — गळा आहे का?

मग सामान आलं. पलंग आला, गादी आली, आणि एका लांबलचक खोक्यातून एक पुतळा आला. रबराचा रोगी! हात वाकतो, मान वळते, कूस बदलता येते. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पाहुण्यांनी फीत कापली, नारळ वाढवला, पुतळ्याला हार घातला. रोग्याला हार घालायची पद्धत कुठली म्हणून विचारू नका, आपल्याकडे हार आणलेला परत नेत नाहीत.

एका मुलीनं विचारलं, "सर, प्लास्टिक कधी काढायचं?"

प्राचार्यच म्हणाले, "काढायचं नाही! हात फाटला, मान मोडली, तर ऑडिटला काय सांगायचं?" आणि खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली.

झालं! कोर्स सुरू. मुली खिडकीच्या काचेतून रोगी बघायच्या. दसऱ्याला खोली उघडायची, पुतळ्याला हळदकुंकू व्हायचं, पुन्हा कुलूप. परीक्षेला जाताना एखादी त्याला बाहेरून नमस्कारसुद्धा करायची.

आणि वर्गात? सर बिचारे आपल्याला येतं तेच शिकवणार ना! फळ्यावर लिहायचे — रुग्ण अंथरुणाला खिळण्याची कारणे. तात्कालिक कारणे, मूलभूत कारणे, दूरगामी परिणाम. पानिपत शिकावं तसा पोरी रोगी शिकल्या. प्रात्यक्षिक असलं की सर म्हणायचे, "समोर रुग्ण आहे असं समजा. बदला कूस." सगळ्या जणी हवेत हात हलवायच्या. मंडळी, त्या वर्षी त्या वर्गात वाऱ्याची इतकी सेवा झाली, की वरुणराज... चुकलो, वायुदेव प्रसन्न व्हायचा बाकी होता.

त्या वर्गात एक मुलगी होती, तनुजा खिलारे. हुशार. तिचं खरं तर बी.ए. चाललं होतं. ते सोडवून हिला या कोर्सला आणलं कुणी? निघोजकर सरांनीच. वर्ग भरायचा होता ना! स्वतः तिच्या घरी गेले, चहा घेतला, तिच्या आईला म्हणाले, "ताई, माझी हमी. पोरगी पायावर उभी राहील." परीक्षेत प्रश्न आला — 'कूस बदलण्याचे महत्त्व स्पष्ट करा'. तनुजानं पुरवणीवर पुरवणी जोडली. पहिली आली! सरांच्या सहीचं प्रमाणपत्र मिळालं. निकाल शंभर टक्के. फोटो छापून आला. फोटोत पुतळाही आहे, प्लास्टिक चमकतंय.

आता लक्ष द्या. जी पेंग येतेय ती बाजूला ठेवा.

निघोजकर सरांचे वडील, अण्णा. तरुणपणचे पैलवान. पंचक्रोशीत कुणी त्यांची पाठ टेकवली नव्हती. एका सकाळी दात घासताना झटका आला आणि अण्णा मोरीत कोसळले. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सर, औषध मी दिलंय. पण यांना उताणं पडू देऊ नका. सारखी कूस बदला. नाहीतर पाठ सडेल. अशा जखमांनी माणसं जातात."

आयुष्यभर ज्याची पाठ मातीला लागली नाही, तो आता पाठीवर. आणि उचलणारं कोणी नाही. सर सडसडीत, त्यांच्या बायकोला मणक्याचा त्रास. दोघांनी मिळून ओढलं तर अण्णा चादरीसकट पायथ्याशी यायचे. सरांनी शहरातल्या एजन्सीला फोन केला — "शिकलेलं माणूस पाठवा हो. प्रमाणपत्र असलेलं."

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. सरांनी उघडलं.

दारात तनुजा.

"सर! तुमचं घर आहे होय?" हरखली पोरगी. पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. "दाखवायला सांगितलंय. सही तुमचीच आहे."

मंडळी, त्या उंबऱ्यावर सरांचं काय झालं असेल? परत पाठवावी, तर का पाठवली हे सांगावं लागणार. एजन्सीनं तिला बजावलं होतं — पहिल्याच घरून तक्रार आली तर पुन्हा काम नाही. आत घ्यावी, तर आत बाप आहे. जगात एकच माणूस होता ज्याला त्या कागदाची खरी किंमत माहीत होती, आणि तोच दार धरून उभा होता.

सर म्हणाले, "ये."

ती पलंगापाशी गेली. पदर खोचला, हात जोडले. "आजोबा, मी तुमची कूस बदलणार आहे. कूस बदलल्यानं रक्ताभिसरण सुधारतं, त्वचेवरचा दाब कमी होतो, रुग्णाला मानसिक..."

अण्णांची जीभ जड झाली होती, डोकं नव्हतं. म्हणाले, "महत्त्व कळलं. आता बदल."

तिनं अण्णांचा हात धरला आणि ओढला. कुठला? उजवा! लुळा! त्या खांद्यातून अशी कळ गेली, की अण्णा ओरडले. तालमीत हाड मोडलं तेव्हा न ओरडलेला माणूस. शेजारची बाई लाटणं हातात घेऊन धावत आली.

तनुजा भिंतीला टेकली. मग तिनं पिशवी उचलली आणि सरांकडे बघून म्हणाली — आवाज चढवला नाही तिनं, मंडळी, चढवला असता तर बरं झालं असतं — "सर, मला हे येत नाही. आणि मला येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

(गजाभाऊ, पेटी नको इथे. राहू द्या.)

सरांनी तरी चिडावं कुणावर? धोरणावर? धोरणात कुठे लिहिलं होतं प्लास्टिक काढू नका म्हणून? ते फक्त म्हणाले, "तनुजा, जाऊ नकोस. मलाही येत नाही. आपण दोघं शिकू."

दवाखान्यातल्या साळवे सिस्टरना त्यांनी हात जोडले. सिस्टर म्हणाल्या, "शिकवते. पण एकटीला कशाला? सगळ्या मुलींना बोलवा. कॉलेजात पुतळा आहे ना तुमच्या?"

सर किल्ली मागायला गेले. प्राचार्य म्हणाले, "सर, वेळ बघा हो! तपासणीला कमिटी यायचीय. कोरा करकरीत ठेवलाय आपण."

सर परत आले. शेजारच्या वर्गात बाक जोडून त्यावर गादी घातली होती. सिस्टर म्हणाल्या, "पुतळा कुठाय?"

सरांनी चष्मा काढला, चपला काढल्या, आणि गादीवर उताणे झोपले. म्हणाले, "घ्या. माझं ऑडिट होत नाही."

आणि मग पोरी शिकल्या! सिस्टर म्हणायच्या, "लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, तो हात आधी पोटावर ठेवायचा. पलीकडचा गुडघा दुमडायचा. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि आपल्याकडे आणायचं, सावकाश. पाठीला उशी. करण्याआधी त्याला सांगायचं. तो लाकूड नाही." एकीच्या बांगड्यांनी सरांचं कानशील सोलवटलं. "बांगड्या काढा आधी!" एकीनं गप्पा मारता मारता सरांना पार बाकाखाली उतरवलं. सरांना कळलं, आपल्याला हलवणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असलं की पाठीला ते लगेच समजतं. इतका इतिहास शिकवला, पण हे कुठल्या पानावर नव्हतं.

आणि तेवढ्यात कमिटी आली. हो! नेमकी त्याच दिवशी यायची होती ती. खोलीचं कुलूप निघालं, पुतळा बघितला, प्लास्टिकवर बोट फिरवून धूळ नाही याची खात्री केली. मग शेजारच्या वर्गात डोकावले. शेरा लिहिला — 'साहित्य उत्तम स्थितीत. प्राध्यापक मात्र झोपलेले आढळले.'

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. सरांना नोटीस. चाललंय अजून. चालू द्या.

त्या संध्याकाळी तनुजा अण्णांच्या पलंगाशी उभी राहिली. बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या. म्हणाली, "आजोबा, भीती वाटतेय का?" अण्णा म्हणाले, "तुला?" ती म्हणाली, "हो." "मग कर," म्हणाले, "भिणारा जपून करतो." लुळा हात पोटावर ठेवला. गुडघा दुमडला. खांदा, कंबर — आणि तो एवढा मोठा देह सावकाश, न दुखता, कुशीवर आला. तिनं उशी सारली. घामानं भिजलेल्या पाठीला वारा लागला.

अण्णांनी डोळे मिटले. पैलवान माणूस, दुसरे शब्द कुठून आणणार? म्हणाले, "पाठ सुटली गं, पोरी."

सर दारात उभे होते. रडले. मीही रडलो असतो.

आता तुमच्याकडे वळू? ते 'प्रमाणपत्रावरून' म्हणणारे कुठे गेले? आहात ना? बसा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही निदान बोललात. पण मंडळी, नदीपलीकडच्या कॉलेजला हसलात ना पोट धरून? तुमच्या देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली पोथी आहे. दसऱ्याला हळदकुंकू, पुन्हा गाठ. उघडली तर पान फाटेल! इतकी वर्षं कीर्तन ऐकताय. दया, सेवा, मायबाप. महत्त्व स्पष्ट करा म्हटलं तर तुम्ही पुरवण्या जोडाल. ऐकणारे तुम्ही पहिल्या वर्गात पास, सांगणारा मी पहिल्या वर्गात पास. आणि प्लास्टिक अजून तसंच.

आत्ता, या घटकेला, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी कुणीतरी पाठीवर पडलंय? "कीर्तनाला जाऊन येते हं" असं म्हणून, दिवा बारीक करून, तुम्ही इथे आलात. ते माणूस छताकडे बघतंय. तुमच्या पावलांची वाट बघतंय.

आरतीला माणसं पुष्कळ आहेत. देवाची काही अडचण नाही, तो उभाच आहे. ज्यांच्या घरी कुणी आडवं आहे, त्यांनी उठा. लाजू नका! कडेनं जा, वाट द्या रे त्यांना. प्रसाद उद्या घरी पोचवू.

बांगड्या आधी काढा. आणि हो — दुखऱ्या हाताला धरून ओढू नका.