सोळा श्वासांचा पेशंट

अकरा नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी धुकं, नऊनंतर लख्ख ऊन, असं वहीत आहे... आणि त्याच पानावर खाली लिहिलंय की आज माझ्यामुळे एका मुलीची परीक्षा बुडायची वेळ आली. चांगल्या मनाने हं, अगदी साफ मनाने. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

झालं असं, की शनिवारी माझं अपेंडिक्स काढलं, बुधवारी घरी सोडणार होते, आणि मधल्या दिवसांत माझ्यावर एक नर्सिंगची विद्यार्थिनी नेमून दिलेली. तिसऱ्या वर्षाची, काडीसारखी, पण चालणं असं की वॉर्डातल्या खाटासुद्धा आपणहून सरळ रेषेत याव्यात. तुम्हाला सांगतो, मी तीस वर्षं रोजनिशी लिहितोय, टापटीप कशाला म्हणतात ते मला कळतं, पण ही मुलगी म्हणजे... हात धुणार, मग मला हात लावणार, लावून झाला की पुन्हा धुणार. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी एवढा मळका आहे का? गोळी देताना पाकीट तीनदा वाचणार. नुसती कूस बदलायची असली तरी आधी सांगणार, काका, आता मी असं करणार आहे, मग तसं करणार आहे. आमच्या घरात मला विचारून कुणी खुर्ची हलवत नाही हो! आणि दर वेळी न चुकता, तुमचं पूर्ण नाव सांगा. अगं, सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं, संध्याकाळपर्यंत काय मी नाव बदलणार आहे?

"तुम्ही नाही बदलणार काका. पण मी दमले की खाट चुकेन."

घ्या. सांगितलं पुन्हा पूर्ण नाव.

तर रविवारी आमच्या हिने, म्हणजे बायकोने, तिच्याकडून सगळा इतिहास काढून घेतला. ही बाई दहा मिनिटांत दगडालाही माहेर विचारते. कळलं ते असं, की या प्रात्यक्षिक परीक्षेत मुलगी एकदा नापास झालेली आहे, मंगळवारी परीक्षक बाई येणार, पेशंट म्हणून मीच, आणि या खेपेला गेली तर पुन्हा सहा महिने त्याच वर्गात. ही मला म्हणाली, अहो, पोरीला जड जाईल असं काही करू नका. म्हणजे बघा, मी काही करायच्या आधीच ताकीद! मी ठरवलं, जड कशाला, हलकंच करू. यात माझं काय चुकलं?

सोमवारी ती पुस्तक स्टुलावर विसरून गेली. मी उघडलं. माझ्यासमोर छापील कागद आला की मी थांबत नाही, अकरा पानं टिपणं काढली. त्यात लिहिलेलं, की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, तसंच धरून पेशंटचा श्वास मोजायचा आणि त्याला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की तो स्वतःसारखा श्वास घेतच नाही. आणि मी इतके दिवस समजत होतो की पोरगी मायेने हात धरून बसते!

आता मला कळलं ना... कळल्यावर श्वास घेऊन बघितलाय कधी? घ्या, आत्ताच घ्या. बघा, ते मागचे गृहस्थ थांबलेच. पुस्तकात होतं, बारा ते वीस ठीक. म्हटलं, मधला आकडा धरू, सोळा. संध्याकाळभर भिंतीवरच्या घड्याळासमोर सराव केला. शिवाय ती रोज विचारायची, दुखणं दहापैकी किती? मी पहिल्या दिवसापासून दोन सांगत होतो. दोन कसा घरंदाज आकडा आहे, उगाच पोरीच्या डोक्याला ताप नाही. माझं काय चुकलं?

मंगळवार. परीक्षक बाई खाटेच्या पायाशी उभ्या, चष्मा नाकावर, चेहरा कुलूप लावलेल्या कपाटासारखा. मुलीने हात धुतले, नाव विचारलं, मनगट धरलं, माझा हात छातीवर आडवा ठेवला. मी सुरू झालो... आत, बाहेर, आत, बाहेर, शिवणयंत्रसुद्धा इतकं एकसारखं चालत नाही. तिने सोळा लिहिलं. बाई म्हणाल्या, छान, पुढे. मी मनात म्हटलं, झाली पास.

आणि ती पुढे जाईचना.

"मॅडम, हा आकडा काकांचा नाही. पुस्तकाचा आहे. ते मोजत होते, ओठ हलत होते."

तुम्हाला सांगतो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण टाके असल्यामुळे तेही जमलं नसतं. बाईंनी विचारलं, मग आता? तिने सोळावर एकच सरळ रेघ मारली, आकडा खालून वाचता यावा अशी, शेजारी चुकीची नोंद असं लिहिलं, वेळ, सही. खाडाखोड नाही. तीस वर्षांच्या माझ्या वह्या त्या रेघेपुढे मला गचाळ वाटल्या हो.

मग ती चादरीचे कोपरे सारखे करायला लागली, आणि खाटेशेजारी बसलेल्या हिला सहज विचारलं, काकू, काका घरीही असेच शांत असतात का? संपलं! धरणाचा दरवाजा उघडावा तशी ही सुटली. शांत? हे? भाजीची पिशवी कुठे ठेवली ते वहीत लिहितात आणि मग वही शोधतात... मी गप्प ऐकत पडलो, श्वासबीस विसरलो, आणि मुलीची नजर घड्याळावर. सव्वीस.

परीक्षक बाई म्हणाल्या, हे ऐकून नवऱ्याचा श्वास वाढला असेल. ती म्हणाली, मलाही तसंच वाटलं, म्हणून काकू पाणी आणायला गेल्या तेव्हा, काका खिडकीबाहेर बघत होते, पुन्हा पूर्ण मिनिट मोजला. सव्वीसच. मग मला म्हणाली, काका, जरा खोकून दाखवा. मी प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आता खरं सांगा, दहापैकी किती?"

"सात," मी म्हटलं. "पण बाळ, तुझी परीक्षा..."

"माझी परीक्षा मी देईन. तुम्ही फक्त आजारी राहा."

बाईंना म्हणाली, दुखतं म्हणून काका खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत, छातीत कफ साचत असणार, डॉक्टरांना आत्ताच सांगायला हवं. बाईंनी घड्याळ बघितलं. पट्टी बदलायची राहिलीये, म्हणाल्या, तू गेलीस तर वेळ संपेल. ती "हो मॅडम" म्हणाली आणि निघाली. धावली नाही, वॉर्डात धावत नाहीत, पण मला तिच्या मागची हवा लागली. मी उशीत तोंड खुपसून पडलो.

एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या तळाशी साचलेल्या कफाचा डाग निघाला. माझं बुधवारचं घरी जाणं रद्द झालं. पट्टी तिने बदलली नाही, त्याचे दहा गुण गेले, उरलेल्या नव्वदांपैकी एक्क्याऐंशी मिळाले, ती पास झाली. मला सतरा नोव्हेंबरला, सोमवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी सोडलं. श्वास मिनिटाला अठरा. कधी मोजला, मला कळलं नाही.