तिसरं करडू

बायांनो, चहा घ्या, पण 'तिळं झाली, लई नशीबवान हायेस' हे मला परत म्हणू नका.

पोटावरचे टाके ओले होते. तिन्ही पोरी काचेच्या पेट्यांत, एकीलाबी मी अजून हात लावला नव्हता. नर्सनं मला चाकाच्या खुर्चीवर बसवून बघायला नेलं, तर काचेपुढं सासूबाई आन घोटावड्याच्या वन्सं आधीच उभ्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांना मूलबाळ न्हाई.

सासूबाईंचा जन्म शेळ्यांमागं गेलाय. मला म्हणाल्या, "शेळीला तीन करडं झाली की दूध पुरत न्हाई. तिसरं दुसऱ्या शेळीला लावायचं असतं. एक पोर हिला दे."

मी काय बोलायच्या आत वन्संनी काचेवर बोट ठेवलं. "ती बारकी नगं, टिकंल का न्हाई कुणास ठाऊक. ती कडंची दे, अंगानं बरी हाय."

मी म्हणलं, "वन्सं, दातबी बघून घ्या की. बाजारात करडू तसंच घेतात."

सासूबाई माझ्यावर भडकल्या. आमचे मालक इतका वेळ माझ्या खुर्चीमागंच उभे होते. मला वाटलं, आता आईला काहीतरी बोलतील. बोलले, पण मला. "अगं, आपल्याला दोन राहतातच की."

मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. म्हणलं, "आधी वन्सं जन्मल्या, मग थोरलं भावजी, मग तुमी. तुमीबी तिसरंच की वो. तुमाला दुसरीला लावलं न्हाई, तितंच तुमच्या आईचं चुकलं."