सान रोकेची फळी

...नाही, पण मला सांगा, हातांना काय झालंय माझ्या? पाय चालत नाहीत, कबूल. अपघातानंतर कमरेखाली सगळा आनंदच आहे. पण पोरीच्या गळ्यात मेडल काय पायानं घालतात?

तुम्हाला सांगते, आमच्याकडे शाळेचं वर्ष संपताना समारंभ असतो, त्यात मुलाचं नाव पुकारलं की आईनं नाहीतर बापानं व्यासपीठावर जायचं आणि मेडल स्वतः घालायचं. पोरीचा बाप जहाजावर, कुठल्या समुद्रात ते त्यालाच ठाऊक. राहिले मी. आणि व्यासपीठ कुठे, तर चर्चशेजारच्या बास्केटबॉलच्या मैदानावर, कमरेएवढं उंच, पायऱ्या अशा की शेळीसुद्धा आधी विचार करेल...

मुख्याध्यापिका मिसेस दिमायुगांकडे गेले, म्हटलं, मला वर जायची काही सोय करा. त्या इतक्या गोड हसल्या की मला तिथंच कळलं, काही होणार नाही. म्हणाल्या, चार तगडे काका तुला चाकांच्या खुर्चीसकट उचलतील. अहो, उचललंय मला काकांनी! दिराच्या लग्नात. अर्ध्या जिन्यात त्यांचा वाद सुरू झाला, भाजलेल्या डुकराचं कुरकुरीत कातडं कुणी संपवलं, आणि एक काका माझी खुर्ची सोडून दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागले!

मग सासूबाईंनी तोडगा काढला. "तू खाली बसून टाळ्या वाजव. मेडल मी घालते. केसही करून घेतलेत मी."

म्हणजे ठरलेलंच होतं बघा! म्हटलं, हातांना काय झालंय माझ्या? तर म्हणतात, "हातांचं राहू दे, तुझ्या तोंडालाही काही झालेलं नाही."

आणि आमची हिराया, सात वर्षांची, आईला नानाय म्हणते ती, भात चिवडत एवढंच म्हणाली, "नानाय, तू वर नाही आलीस तर मीपण नाही जाणार." आता झाली ना पंचाईत! वर्षभर राबून मिळवलेलं मेडल पोर माझ्यापायी सोडणार...

समारंभाच्या सकाळी मी मैदानात, सासूबाईंच्या केसांकडे बघत बसलेली, आणि शेजारी चर्चचं दार उघडं. आत आमच्या गावचे संत, सान रोके, त्यांची मूर्ती चाकांच्या रथावर. चर्चलाही पायऱ्या आहेत बरं का, पण उत्सवात रथ उतरवायला एक लांबलचक फळी ठेवलीय, दारासारखी रुंद. तुम्हाला सांगते, डोकंच फिरलं माझं. सान रोकेच्या मांडीवर जखम आहे, झगा वर करून दाखवतो तो, अख्खं गाव त्या जखमेला हात जोडतं. त्याला म्हणालं का कुणी, तू आत बसून टाळ्या वाजव?

फळी मागायला गेले, तर चर्च सांभाळणारे म्हातारे तेबान म्हणाले, फळी संताची आहे.

"मग संतालाच विचारा. आज कुठे जायचंय त्याला?"

म्हातारा खरंच आत गेला हो! मेणबत्ती लावली, मान खाली घालून उभा राहिला... आणि बाहेर आला तो फळीचं टोक ओढतच. म्हणाला, "नाही म्हणाला नाही तो."

फळी व्यासपीठाला लागली, नाव पुकारलं, मी चाकं फळीवर घातली, आणि काय सांगू, गावाची सवय! फळीवर चाकं गडगडली की मिरवणूक निघाली, हेच जन्मापासून ठाऊक. बँडवाल्यांनी आपोआप मिरवणुकीची धून धरली, पुढच्या रांगेतल्या आज्यांनी क्रूसाची खूण केली, आणि सासूबाई? त्या सवयीनं उठल्या, माझ्या मागे आल्या आणि रथ ढकलतात तशी खुर्ची ढकलायला लागल्या! केसांचं पार घरटं झालं, पण वर पोचेपर्यंत हात काढला नाही बाईनं.

घातलं मेडल. ह्याच हातांनी. हिराया कानात म्हणाली, "नानाय, आलीस ना वर!" आणि असा श्वास सोडला म्हणून सांगू, महिन्याभराचा तुंबलेला... वाटलं, झालं, सुटले.

उतरायला वळते तर फळीवर ही गर्दी! गावचे माजी प्रमुख, काठीवाले पाहुणे, सगळी गुडघेदुखी मंडळी. इतकी वर्षं पायऱ्यांवर मुकाट कण्हत होती, एकानं तोंड उघडलं नव्हतं, आणि आता प्रत्येकाला फळीनंच यायचंय! वर आले, माझ्या शेजारी बसले, माईक हातात घेतला... मी उतरणार कुठून? ऐकली भाषणं, तुम्हाला सांगते, सगळीच्या सगळी ऐकली. नुसत्या पायऱ्या होत्या तोवर दोन-तीन वक्ते तरी गुडघ्यांमुळे खालीच राहायचे हो...