एका म्हशीचे दोन मालक

म्हशीच्या खुणेचा विषय तुम्ही काढलात म्हणून आठवलं. महाराजांच्या राज्यात आम्ही कसबा बावड्याला राहायचो, तेव्हाची गोष्ट. म्हैस चुकली तर ओळखता यावी म्हणून मी लोहाराला चांगले पैसे मोजून तिच्या मांडीवर चांदाचा डाग देऊन घेतला होता.

एके दिवशी म्हैस माळावर चरायला सोडली होती आणि निरोप आला, चांदाच्या डागाची म्हैस कोंडवाड्यात आहे, दंड भरला नाही तर लिलाव होणार. मी रानातून तसाच पळत सुटलो. बघतो तर शेजारचा दस्तगीर माझ्याआधीच तिथं हजर.

"म्हस माझी हाय. मांडीवर चांद हाय बघा," तो कारकुनाला सांगत होता.

"आरं, चांद तर माझ्या म्हशीचा!" मी म्हणालो.

कारकुनानं विचारलं, "म्हैस एक आणि मालक दोन?"

आम्ही दोघांनी तिला हाका मारल्या. तिनं कुणाकडंच बघितलं नाही. शेवटी दंड निम्मा निम्मा भरला आणि ठरवलं, ज्याच्या गोठ्यात शिरेल त्याची.

वाटेत बघितलं तर आमच्या दोघांच्याही म्हशी चरून परतून आपापल्या गोठ्यात रवंथ करत बसलेल्या. ही बया मात्र पुढं जाऊन आमच्याच आळीतल्या तानू म्हातारीच्या गोठ्यात शिरली.

"आज्जी, ही तुझी व्हय? मग सोडवायला का आली न्हाईस?" दस्तगीरनं विचारलं.

"कशाला येऊ? लोहारानं आक्ख्या आळीला त्योच चांद दिलाय. कोण ना कोण दंड भरून आणणारच की!"